चंद्रावर पाठवलेला पांगारा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे करवतीला लावलेली धार. पावसाळ्यात करवत गंजते. तेल पुसून ठेवली तरी गंजते. मी पडवीत बसलो, पातं ओंडक्याच्या फटीत अडकवलं, आणि ती समोर बसून दोन्ही तळव्यांनी ते दाबून धरत होती. कुणी धरलं नाही तर कानस लागली की पातं थरथरतं, किंचाळतं, आणि दात वाकडा उतरतो. लग्न झाल्यापासून हे धरायचं काम तिचं. दुसऱ्या कुणाला मी ते दिलं नाही. माया वगैरे म्हणून नव्हे. तिचा हात हलत नसे, एवढंच.

माणूस चंद्रावर उतरला तो हा पावसाळा. आमच्या शाळेच्या मास्तरांकडे रेडिओ होता. त्यांनी सगळ्या गावाला सांगितलं. शहापूरहून एसटीनं पेपर एक दिवस उशिरा यायचा, तोही ते ओट्यावर बसून वाचून दाखवायचे. आणि ही दोन दिवस एकच धोशा लावून बसलेली.

"अवो, मास्तरांना इचारलंत का?"

"काय?"

"आता परत सांगू? ती मानसं तिथं उतरलीत. त्यांना आपलं लाकूड दिसलं का, तेवढं इचारा."

"चंद्र केवढा हाय. त्यात एक ओंडका कुठं दिसनार?"

"दिसंल. तिथं झाड नाय, गवत नाय. नुसत्या धोंड्यांमधी लाकूड पडलंय तर दिसनार नाय? तुमी सुतार ना?"

"उद्या जातो."

"काल पन उद्याच म्हनलात."

"पातं नीट धर."

"धरलंय. तोंड चालतंय माझं, हात नाय हलत."

खरंच हलत नव्हता. शेवटचा दात झाला तशी तिनं पदरानं पात्यावरचा कीस पुसला, इरलं डोक्यावर घेतलं आणि भाताच्या लावणीला गेली. जाताना अंगणातून वळून म्हणाली, "आज जावा हां." मी मान हलवली. जायचं नव्हतंच मला.

का नव्हतं ते आधीच सांगून टाकतो. आमचं लाकूड चंद्रावर गेलंच नव्हतं. मला ते सात वर्षं माहीत होतं. तिला नव्हतं.

मी चौथीपर्यंत शिकलेला सुतार. शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या एका गावात आमचं घर. नांगर, बैलगाड्या, दारं, चौकटी, असली कामं करायचो. मी तोंडाचा फाटका, हे दोन्ही तालुक्यांत माहीत होतं. एका पाटलानं गाडी करून घेतली आणि म्हणाला, चाक कुरकुरतंय. मी म्हटलं, चाक नाय, तुमचं मन कुरकुरतंय, पैशे द्यायचे नायत म्हणून. चार माणसांत म्हटलं. त्यानंतर त्याचं काम आलं नाही. नाही तर नाही. खोटं गोड बोलायला मला कधी जमलं नाही. जन्मात एकच गोष्ट मी तोंड बंद ठेवून केली, आणि ती तिच्याशी केली.

आता पांगाऱ्याचं सांगायला पाहिजे. पांगारा म्हणजे सुताराच्या लेखी लाकूडच नाही. बांधावर कुंपणाला लावतात. माघात पान गळतं, लाल फुलं येतात, कावळे-साळुंक्या भांडतात, तेवढाच त्याचा उपयोग. लाकूड पांढरं, भुसभुशीत, हातात घेतलं तर वाटतं आतून कुणी खाऊन टाकलंय. खिळा धरत नाही, चुलीत नुसता धूर करतं. माझा बाप म्हणायचा, पांगाऱ्याला रंधा लावशील त्या दिवशी तुला सुतार म्हणायचं मी बंद करीन.

चंद्राचं वेड मात्र तिला आधीपासून होतं. आमची पोर तिच्या पोटात होती तेव्हा मास्तरांनी सांगितलं, माणसानं केलेला एक चंद्र आभाळात फिरतोय. ही सांजेला अंगणात उभी राहून मान मोडेस्तोवर बघायची.

"केलेला म्हंजे कशाचा केलाय?" मला विचारलं.

"पत्र्याचा असंल."

"लाकडाचा का नाय?"

"लाकूड जळंल गो. एवढ्या वरती सूर्याजवळ."

"मग डोंगरावरची झाडं का नाय जळत? ती पन आपल्यापरीस वरतीच हायेत."

असली तिची अक्कल. मी हसलो होतो तेव्हा.

पोर झाली. चौथ्या वर्षी, भर श्रावणात, गोवर आला आणि गेली. लहान म्हणून पुरली. तिच्या हातात काळ्या मण्यांची मनगटी होती, ती हिनं पुरायच्या आधी काढून घेतली. दुसरं मूल आम्हांला झालं नाही. यावर मला जास्त लिहायचं नाही.

एवढंच सांगतो की हिला भाऊ नव्हता. म्हणजे पोरीला मामा नव्हता. सगळी पोरं मे महिन्यात मामाच्या गावी जायची, आमची दारात बसायची. हिनं तिला सांगितलं होतं, तुझा मामा वरती हाय, चांदोबा, तो काय कुणाला टाकत नाय. पोरीला ते पटलं होतं. पोर गेल्यावर हिला जास्त पटलं.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आम्ही म्हशाच्या जत्रेहून परत आलो. दरसाल आम्ही तिथं गाडीभर काठवटी, पोळपाट, बैलांची जुवं घेऊन जायचो. परत आल्यावर आठ-दहा दिवसांत मास्तरांनी पेपरातली बातमी वाचली. अमेरिका चंद्रावर यंत्र टाकणार. तिथं हवा नाही, म्हणून छत्री धरून हळू उतरता येत नाही. धाडकन पडणार. आतली नाजूक यंत्रं फुटू नयेत म्हणून त्यांच्या भोवती हलक्या लाकडाचा जाड गोळा केलाय.

"लाकडाचा?" मी विचारलं. ओट्यावर सगळे हसत होते, मला हसू आलं नाही. लोहाराची ऐरण लाकडाच्या ठोकळ्यात बसवतात ती कशासाठी? घाव लाकूड खातं. लोखंडावर लोखंड ठेवलं तर दोन्ही फुटतात. त्या तिकडच्या माणसांत एखादा सुताराचा पोर असणार, असं माझ्या मनात आलं.

"कसलं लाकूड, मास्तर?"

"तिकडे होतं म्हणे एक, बुचासारखं. आपल्याकडचं सावर, पांगारा, तसलं काही म्हण."

एकजण म्हणाला, "म्हंजे सुताराच्या बापाला आता उलटं टांगायला पायजे." तरी कोण हसतंय म्हणून मी बघितलं, तर मीच हसत होतो.

घरी येऊन तिला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली.

"आणि जळनार नाय?"

"मास्तर म्हनतात, हवा नसली तर काय जळत नाय. कुजत पन नाय. पानी नाय, वाळवी नाय."

"म्हंजे लाकूड तिथं तसंच ऱ्हाईल."

"तसंच."

"कायमचं?"

मी विचार केला. मास्तरांनी आणखी एक सांगितलं होतं, चंद्रावर पंधरा दिवस ऊन आणि पंधरा दिवस काळोख. ऊन असं की भाजून निघावं, आणि काळोखात थंडी अशी की काही विचारू नका. "भेगा पडतील," मी म्हटलं. "एवढं तापून एवढं गारठलं तर कुठलं बी लाकूड तडकनार."

"ओलं गेलं तर तडकंल. नीट वाळवून पाठवायला पायजे." आणि पुन्हा भाकरी थापायला लागली, जशी काय पाठवणारी तीच.

त्या वेळचं यंत्र चुकलं. चंद्राला सोडून पुढं निघून गेलं. आणखी पाठवणार, असं पेपरात होतं. आणि मग माघात आमच्या गावात एक ठेकेदार आला. ट्रक घेऊन. त्याला सागवान नको, ऐन नको. पांगारा आणि सावर तेवढी पाहिजे होती. असलं गिऱ्हाईक कुणी बघितलं नव्हतं. आमच्या बांधावर पांगाऱ्याची सात मोठी झाडं होती. मी त्याला विचारलं, "शेठ, हे कापसासारखं लाकूड कुनाला पायजे?"

तो विडी पेटवत होता. हसला आणि म्हणाला, "चंद्रावर जातंय, सुतार. तुमी नाय ऐकलं?"

त्यानं पण कुठंतरी पेपर वाचला असणार. त्यानं थट्टा केली. आम्ही बातमी ऐकली होती, हलकं लाकूड पाहिजे हे ऐकलं होतं, आणि तीन आठवड्यांत हलकं लाकूड मागणारा माणूस दारात उभा होता. मला ते पटलं. नुसतं तिला पटलं असं म्हणून मी सुटत नाही. मलाही पटलं.

तिनं आतून ऐकलं होतं. बाहेर आली, पदर सावरून म्हणाली, "शेठ, आज नाय तोडायचं."

"का हो वहिनी?"

"चांदणं वाढतंय. पुनव झाल्यावर, काळोखाच्या पंधरवड्यात तोडू."

हे तिचं नव्हतं, आमच्या धंद्यातलंच होतं. चांदणं वाढतं तसं झाडाच्या अंगात पाणी चढतं. उजेडाच्या पंधरवड्यात तोडलेल्या लाकडाला वर्षाच्या आत भुंगा लागतो, पीठ होऊन गळतं. अवसेकडे तोडलेलं टिकतं. माझा बाप, त्याचा बाप, सगळे असेच तोडायचे. पण पांगाऱ्यासाठी कुणी तिथी बघत नाही. ठेकेदार माझ्याकडे बघायला लागला.

"अहो, कसला भुंगा? मला परवा माल पायजे."

"नुसत्या चांदण्यानं हितं लाकूड किडतंय," ती म्हणाली, "आणि हे तर चांदण्यातच जायचंय, त्याच्या घरात. उजेडाच्या पंधरवड्यात तोडलेलं तिथं चार दिस टिकंल का? सांगा तुमी."

ठेकेदार इतका हसला की त्याला ठसका लागला. मी हसलो नाही. मी सुतार, मला तिचं बरोबर वाटलं. आजही मला त्यात चूक कुठं आहे ते धड सांगता येत नाही. मी म्हटलं, "बायको म्हनतेय ते खरं हाय. अवसेच्या आधी या. नायतर दुसरीकडं बघा." तो शिव्या देत गेला, आणि दुसरीकडे एवढी मोठी झाडं मिळाली नाहीत म्हणून पंधरा दिवसांनी परत आला.

तोडायच्या आदल्या सांजेला झाडाला सांगायची आमच्याकडे रीत आहे. झाडाला हात लावायचा आणि म्हणायचं, उद्या तुला तोडणार, वर जे कोण राहत असतील त्यांनी जागा बघावी. हे मी सांगत असतो, सुतारानं सांगायचं असतं. त्या दिवशी तिनं सांगितलं. सातही झाडांना. शेवटच्या झाडाला म्हणाली, "भ्यायचं नाय. माझी बी पोर तशीच गेली, तिला कुनी सांगितलं पन नाय."

सकाळी झाडं पाडली. साली काढल्या. ठेकेदाराचा ट्रक यायला दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी मी मुरबाडला खिळे आणायला गेलो, परत आलो तर ही ओंडक्यावर बसलेली आणि माझं गिरमिट तिच्या हातात. मी नसताना हत्याराला कुणी हात लावलेला मला चालत नसे. ओरडणारच होतो. बघितलं तर तिनं मधल्या ओंडक्याला वीतभर खोल भोक पाडलं होतं. पांगाऱ्यात गिरमिट लोण्यासारखं जातं.

"काय घातलंस?"

"मनगटी."

मी खिळ्यांची पुडी खाली ठेवली.

"खुंटी करून द्या," ती म्हणाली. "पांगाऱ्याची नको, ती निसटंल. खैराची द्या."

मी खैराची खुंटी तासली. खैर लाल, जड, दगडासारखा. ती मीच ठोकून बसवली. पांढऱ्या लाकडात लाल टिक्का दिसत होता, कपाळावर कुंकू असावं तसा. ती त्यावर हात फिरवून म्हणाली, "झालं. मामाच्या घरी गेली."

ट्रक भरला, गेला.

चैत्र सरता सरता मास्तरांनी वाचलं की दुसरं यंत्र चंद्रावर जाऊन आपटलं. पाठीमागच्या बाजूला. ती बाजू आपल्याला कधी दिसत नाही. यंत्र बंद पडलं होतं, त्यातून काही कळलं नाही, म्हणून तिकडची माणसं हळहळली. आमच्या घरात गोड केलं. लापशी. ती गल्लीत चार घरी वाटून आली. "पाठीमागं पडलं ते बरं झालं," म्हणाली, "कुनाची नजर नको."

कुठल्या तरी देशातलं लाकूड चंद्रावर पोचलं, एवढं खरं आहे. आमचं नव्हतं.

मला ते दिवाळीच्या आधी कळलं. वाशिंदला स्टेशनाजवळ नवं घर होत होतं, चौकटी बसवायला मला बोलावलं होतं. शेजारी पत्र्याची एक शेड होती, तिथं खोकी ठोकायचे. बाटल्यांची, फळांची, कसली कसली. दुपारी मी पाणी प्यायला गेलो. भिंतीला फळ्या लावून ठेवल्या होत्या, पांढऱ्या. पांगारा मी लांबून ओळखतो. आणि एका फळीच्या मध्ये लाल गोल.

मी जवळ गेलो. करवत खुंटीला उभी चिरून गेली होती. अर्धी खुंटी या फळीत, अर्धी शेजारच्या. तिच्या खाली भोकाची अर्धी नळी, रिकामी. त्यात बोट घातलं. थोडा भुसा निघाला.

ठोकणाऱ्या माणसाला विचारलं, "यात काय निघालं व्हतं का?"

"काय कल्पना नाय बाबा. हां, त्या लाल लाकडानं करवतीचे दात गेले म्हणून मालक बोंबलत होता. काळं काळं कायतरी पडलं होतं, मणी होते वाटतं. पोरीबाळीचं असंल. झाडून टाकलं भुशात."

"भुसा कुठं जातो?"

"शेगडीत. अजून कुठं?"

मी ती फळी हातात घेतली. ती फळी मागून घेता आली असती. घरी आणून काय सांगितलं असतं? ठेवून दिली. चौकटी बसवल्या. एक चौकट ओळंब्यात बसली नाही, मालकानं काढून पुन्हा बसवायला लावली. माझ्या हातून असं त्याच्या आधी झालं नव्हतं.

घरी येताना ठरवलं, आज सांगायचं. मी जे आहे ते तोंडावर बोलणारा माणूस. दारात पाय ठेवला तर ही शेजारणीला सांगत होती की पोरीचं आता बरं आहे, मामाकडे आहे. कित्येक महिन्यांनी तिनं केसांना तेल लावलं होतं. मी पाय धुतले आणि जेवायला बसलो. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग दिवाळी झाल्यावर. मग सांगायची वेळ निघून गेली, आणि आता सांगितलं तर एवढे दिवस का लपवलंस, हे वर आलं असतं.

त्या हिवाळ्यात म्हशाला जत्रेत तिनं सगळ्यांना सांगितलं. आमच्या दुकानापुढे बाया उभ्या राहायच्या. एक म्हातारी म्हणाली, "अगो, चंद्रावरची काठवट दे एक!" दुसरी म्हणाली, "हिच्या काठवटीत पीठ मळलं तर भाकरी उडंल." ही पण हसायची, म्हणायची, "उडू दे, तुझा घोव धावंल मागं." मी पाठीमागं बसून जुवं मोजत होतो. एक गिऱ्हाईक मला म्हणाला, "काय सुतार, खरं हाय का हे?" मी त्याला म्हटलं, "जू घ्यायचंय का तुला? नायतर फूट." तो गेला. तिनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, माझी नेहमीची जीभ.

अशी सात वर्षं गेली. तिला दम लागायला लागला होता. चढ चढताना मध्ये उभी राहायची, छातीवर हात ठेवून. शहापूरच्या दवाखान्यात नेली, डॉक्टर म्हणाला, जड काम नको. तिला जड काम नको म्हणजे काय, मी तिला घरात बसवू का, बसेल का ती. तरी करवतीचं दुसरं टोक ओढायचं तिनं सोडलं होतं. धार लावायला बसायची तेवढी. आणि लावणीला जायची, मी नको म्हटलं तरी.

मला वाटायचं की यंत्रं काही वर्षं जातील-येतील, लोक विसरतील, तीही विसरेल. माणूस तिथं उतरून चालेल असं कुणाला वाटलं होतं? उतरला तशी ती अंथरुणातून उठल्यासारखी झाली. आता बघणारं कुणीतरी होतं तिथं.

त्या दिवशी ती इरलं घेऊन गेली तेव्हा पाऊस रिपरिप होता. मी धार लावलेली करवत तेल लावून खुंटीला टांगली. एका नांगराचं हाळीस करायचं होतं, ते घेतलं. उन्हं नव्हतीच, पण दुपार झाली असेल. बांधावरून दोन बाया धावत आल्या. मी त्यांच्या पायांकडे बघितलं. चिखलानं भरलेले, आणि त्या धुवायला थांबल्या नव्हत्या. म्हणजे कळलं.

त्यांनी सांगितलं, ही वाफ्यात वाकली होती, रोपांची मूठ लावली, उठली, म्हणाली जरा कळ येतेय, आणि बांधावर बसली. बसली ती बसलीच. मी गेलो तेव्हा बाया तिच्या हाताचा चिखल धूत होत्या. हात गार होते. पावसात सगळ्यांचेच हात गार असतात, असं मी मनात म्हणत होतो. तोंड उघडं होतं थोडं. काहीतरी बोलता बोलता गेल्यासारखं.

सांजेच्या आत उरकलं. पावसाळ्यात सुकी लाकडं मिळत नाहीत. माळ्यावर ऐनाच्या फळ्या होत्या, गाडीसाठी चार वर्षं वाळवलेल्या, त्या दिल्या. एकजण म्हणाला, गाडीचं लाकूड देतोस? मी म्हटलं, तुझ्या बापाचं हाय का? नंतर मला वाईट वाटलं, त्याचा बाप चांगला माणूस होता.

रात्री सगळी माणसं होती घरात. एक म्हातारी शेजारीण म्हणाली, "आता पोरीजवळ पोचली असंल." सगळ्यांनी माना हलवल्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो. सांगावंसं वाटलं की तिथं काही नाही, मनगटी शेगडीत जळली. सांगितलं नाही. तिला सांगितलं नाही ते यांना कशाला सांगू.

सकाळी मी उठलो आणि मास्तरांकडे गेलो. सुतकात कुणाच्या दारात जात नाहीत. माझ्या चुलतभावानं हाक मारली, कुठं निघालास म्हणून. मी थांबलो नाही. मास्तरांच्या पायरीखाली, पागोळ्या पडत होत्या तिथं उभा राहिलो. मास्तर बाहेर आले. त्यांना वाटलं, मी दहाव्याच्या तिथीचं विचारायला आलोय.

"अरे, आत ये ना, भिजतोयस."

"सुतक हाय, मास्तर. हितनंच बोलतो. ती मानसं चंद्रावर फिरली ना?"

"हो."

"त्यांना तिथं कुठं लाकूड दिसलं का? पेपरात तसं लिवलंय का?"

मास्तर आत गेले, चष्मा लावला, तीन दिवसांचे पेपर घेऊन आले. उंबऱ्यावर उभं राहून ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. मी वाट बघत होतो. एक पेपर झाला, दुसरा झाला, तिसरा झाला.

"नाही रे. दगड आणि माती. एवढंच लिहिलंय. आणि ते जुनं यंत्र मागच्या बाजूला पडलेलं. ही माणसं पुढच्या बाजूला होती."

"नीट बघा."

"बघितलं." त्यांनी पेपर खाली केला. "सुतारा, एक सांगू? त्या ठेकेदारानं तुमचं लाकूड..."

"ठाव हाय मला. वाशिंदला खोकी झाली त्याची. सात वर्सं ठाव हाय."

"मग विचारतोस कशाला?"

"तिला जातो म्हनलो होतो. दोन दिस म्हनत होतो."

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. पहिला पेपर वर घेतला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले, या वेळी मोठ्यानं. ते संपेपर्यंत मी पायरीखाली उभा राहिलो.